कडेवरचा टेरिअर

संध्याकाळी आपण दमून घरी यावं आणि कुणीतरी धावत दारात यावं, एवढीच साहेबांची आयुष्याकडे मागणी होती. धावत येणाऱ्यानं शेपूट हलवावी, ही पोटमागणी.

साहेब वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, बरोबर असतील त्यांवर शिक्का मारायचा आणि नसतील तर दुकानदाराकडे अशा नजरेनं पाहायचं की त्याचंच वजन थोडं उतरावं, हे त्यांचं काम. इमारतीत त्यांना समोर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'तराजूसाहेब'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. एकदा जिन्यात कुणीतरी चुकून तोंडावरच 'तराजूसाहेब' म्हणून गेलं, तेव्हा त्यांनी ते आपलं आडनाव असल्यासारखी मान डोलावली होती.

मागणी तशी फार जुनी. लहानपणी ते भाड्याच्या खोलीत राहायचे. समोरच्या घराला लोखंडी फाटक होतं आणि फाटकाशी एक बुटकं, झिपरं, मळकट पांढरं कुत्रं बसायचं. त्या घरातला माणूस छापखान्यात कामाला होता आणि सायकलवरून यायचा. सायकल कोपऱ्यावर वळली, की ती दिसायच्या आधीच कुत्र्याचे कान उभे राहायचे. मग ते फाटकाच्या आत नुसतं नाचायचं. तो माणूस हाडकुळा, शर्टावर शाईचे डाग, पण फाटक उघडून आत शिरताना राजासारखा दिसायचा. साहेब खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून रोज हे पाहायचे. त्यांचे वडीलही त्याच सुमाराला कामावरून यायचे. ते आले की घरात सगळे गप्प व्हायचे. नाचावं असं त्यात काही नव्हतं.

"आपण पण कुत्रा आणू या ना," असं त्यांनी एकदा वडिलांकडे बोलून पाहिलं.

"स्वतःचं घर झालं की," वडील म्हणाले.

स्वतःचं घर व्हायला वडिलांचं सबंध आयुष्य आणि साहेबांचं अर्धं लागलं. मधल्या काळात बदल्या झाल्या, आणि जिथे बदल्या नव्हत्या तिथे घरमालक होते. घर झालं तेव्हा मुलीला दमा निघाला. डॉक्टरांनी धूळ, परागकण आणि केसाळ प्राणी वर्ज्य सांगितले. साहेबांनी धूळ पुसली, कुंड्या हलवल्या, आणि केसाळ प्राणी मनातच ठेवला. पुढे मुलगी शिकली, नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि दमा बरोबर घेऊन गेली. एका संध्याकाळी साहेबांनी घरात चहूकडे नजर टाकली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता आड येणारं कुणीच उरलेलं नाही. कुणी आड न येणं हेही कधी कधी फार एकटं वाटतं.

साहेबांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही म्हणू. साहेब आले की वहिनी दार उघडायच्या, "पिशवी द्या" म्हणायच्या, पिशवी घेऊन आत जायच्या. हे इतकी वर्षं चाललं होतं की साहेबांच्या लेखी तो दाराचाच एक भाग झाला होता.

"मी म्हणतो, एक कुत्रा आणावा," साहेब म्हणाले.

"आणा की," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं मी वाटच बघतेय तुम्ही कधी म्हणताय त्याची."

साहेबांनी तयार ठेवलेलं भाषण सगळं वाया गेलं.

पण वहिनी म्हणजे काही सोसायटी नव्हे. सोसायटीचे सेक्रेटरी साहेबांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एकटे राहत. पत्नी वारलेली, मुलगा परगावी, गुडघे दुखरे, आणि करमणुकीला सोसायटीचे नियम. त्यांनी दुसऱ्याच दिवशी येऊन दारावर थाप मारली. साहेबांना नेमकी या गोष्टीची चीड होती. दाराशेजारी पितळी बटणाची चांगली बेल असताना या इमारतीतली माणसं दार बडवायची. इस्त्रीवाला बडवायचा, पेपरवाला बडवायचा, आणि ज्यांनी इतरांना वळण लावायचं ते सेक्रेटरीही बडवायचे. "रानटीपणा," असं साहेब वहिनींना म्हणत. वहिनी त्यावर काही बोलत नसत.

"कुत्र्याला आमची ना नाही," सेक्रेटरी खुर्चीत बसत म्हणाले. "फक्त नियम पाळायचा. जिना, लिफ्ट, अंगण या सामायिक जागेत प्राणी कडेवर घेऊनच न्यायचा. जमिनीला पाय लागता कामा नये."

"कडेवर?" साहेबांनी विचारलं.

"कडेवर. ठरावात तसंच लिहिलंय. मीच लिहिलंय."

हा नियम लिहिताना सेक्रेटरींच्या डोळ्यांसमोर वासराएवढी कुत्री होती. कुणी कडेवर घेऊच शकणार नाही, म्हणजे कुणी आणणारच नाही, असा त्यांचा साधा सरळ डाव. पण ज्या माणसाची हयात वजन करण्यात गेली, त्याच्यापुढे त्यांनी वजनाची अट ठेवली होती.

साहेबांनी कुत्र्यांच्या जातींचं एक चित्रमय पुस्तक आणलं आणि आधी वजनाचा रकाना वाचला. मोठ्या जाती पहिल्याच फटक्यात बाद झाल्या. उरले टेरिअर. त्यातही सल्ल्यांचा पूर आला. दुसऱ्या मजल्यावर एक विमा एजंट राहायचे. त्यांनी जन्मात मांजरही पाळलं नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळ्याच प्राण्यांविषयी निःपक्षपातीपणे बोलता यायचं. "यॉर्कशायर घेऊ नका," ते म्हणाले, "त्याचे केस रोज विंचरावे लागतात. तुमचेच विंचरायला राहिले नाहीत आता. जॅक रसेल घेऊ नका, तो भिंतीवर चढतो. आणि काय घ्यायचं ते घ्या, पण आधी त्याचा विमा उतरवा."

शेवटी साहेबांचं बोट केर्न टेरिअरवर थांबलं. दगडांच्या ढिगाऱ्यांतून उंदीर-घुशी उकरून काढण्यासाठी वाढवलेली ही जात. बुटकी, झिपरी, कान उभे, वजन सहा-साडेसहा किलो. चित्रातला कुत्रा मळकट पांढरा होता. साहेब त्या पानावर बराच वेळ थांबले. पुढे 'हट्टी, स्वतंत्र बुद्धीचा, उकरण्याची आवड' असं लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलं नाही असं नाही. पण माणूस लग्नाच्या वेळीही सगळं वाचतोच की.

मग रंगीत तालीम सुरू झाली. साहेबांनी उशीच्या अभ्र्यात वाळू भरली, ऑफिसातल्या प्रमाणित काट्यावर ती बरोबर साडेसहा किलो करून घेतली, आणि रोज सकाळी तो अभ्रा कडेवर घेऊन जिने चढउतार करू लागले. पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी वाट सोडली. एका आजींनी वहिनींना बाजूला घेऊन साहेबांची झोप नीट होते ना, अशी चौकशी केली. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये अभ्र्याची शिवण उसवली आणि प्रमाणित वाळू लिफ्टच्या दाराच्या खाचेत गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत साहेब, विमा एजंट आणि वाळू. सुटका होईपर्यंत साहेबांनी दोन विमे उतरवले होते.

केर्नची पिल्लं शहराबाहेर राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंकडे मिळतात असं कळलं. साहेब तिथे तपासणीच्या तोऱ्यात गेले. पण बाईंनी त्यांनाच समोर बसवून तपासायला घेतलं. घरी कोण असतं? आवाज चढवता का? फिरायला नेणार कोण? याचे केस कात्रीनं कापायचे नसतात, मेलेले केस बोटांनी उपटून काढायचे असतात, तेवढा धीर आहे का? आणि कुत्रा कशाला हवाय?

शेवटच्या प्रश्नाला साहेब गडबडले. "घरी आल्यावर कुणीतरी..." एवढंच म्हणाले आणि थांबले. 

कोपऱ्यात पिल्लांचं वजन करायचा ताटलीचा काटा होता. साहेबांनी आपल्या खिशातलं वजन ठेवून पाहिलं आणि काटा थोडा मागे असल्याचं सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती ते आजवर दुसऱ्यांकडे टाकत आले होते. एवढ्यात पिल्लांतलं एक मळकट पांढरं पिल्लू आपण होऊन ताटलीत चढलं आणि बसलं. बाकीची भावंडं धुडगूस घालत होती. हे मात्र काटा स्थिर होईपर्यंत हललं नाही, आणि स्थिर झाल्यावरही हललं नाही.

साहेबांना गहिवरून आलं. "हाच," ते म्हणाले. "किती शांत आहे!"

"शांत नाही तो," बाई म्हणाल्या. "तिथून उठायचं नाही असं त्यानं ठरवलंय."

पण काट्यावर स्थिर बसणारा जीव साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत ते नव्हते. वहिनींनी त्याचं नाव किलो ठेवलं.

किलो घरी आला आणि साहेबांना कळलं की आपण वजन मोजलं, उंची मोजली, सोफ्याखालची जागाही मोजली, पण ज्याला कडेवर घ्यायचं त्याला कडेवर यायचं आहे की नाही हे पाहायचं राहिलं. वाळू निमूट यायची. किलो साहेबांच्या हातात आला की आधी लाकूड व्हायचा, मग पाणी व्हायचा, आणि कोपराखालून निसटून जायचा. पहिल्याच दिवशी सेक्रेटरी नियमाची अंमलबजावणी बघायला जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"पाय लागले," सेक्रेटरी म्हणाले. "साहेब, पाय लागले जमिनीला."

"घेतोय ना," साहेब घामाघूम होऊन म्हणाले.

किलोनं एक हिसडा दिला, साहेबांच्या खांद्यावर पाय रोवला आणि उडी मारली ती थेट सेक्रेटरींच्या छातीवर. सेक्रेटरींनी घाबरून दोन्ही हात आवळले. त्या हातांत किलोनं एकदा गोल फिरून जागा केली, सेक्रेटरींच्या बगलेत नाक खुपसलं, मोठा उसासा सोडला आणि डोळे मिटले.



"घ्या याला," सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाले, कारण किलो झोपला होता.

साहेबांनी हात पुढे केला. किलोनं डोळा न उघडता गुरगुर केली.

त्या दिवसापासून सेक्रेटरींच्या लेखणीतून उतरलेला नियम सेक्रेटरींच्याच कडेवर बसला. सामायिक जागेत प्राणी कडेवर न्यायचा. प्राणी एकाच कडेवर बसतो. नियम मोडायचा तर सभा बोलवा, ठराव मांडा, आणि आपल्याच हातानं आपला ठराव खोडा. सेक्रेटरी हे करण्यातले नव्हते. ते रोज सकाळ-संध्याकाळ दुखऱ्या गुडघ्यांनिशी किलोला कडेवर घेऊन अंगण ओलांडून फाटकाबाहेर नेऊन ठेवायचे. तिथून साखळी साहेबांच्या हातात. परत येताना उलट. पहिला आठवडा त्यांनी कुरकुर केली. दुसऱ्या आठवड्यात ते वेळेच्या आधी येऊ लागले. तिसऱ्यात त्यांच्या खिशात किलोसाठी बिस्किट सापडलं, तेव्हा ते आपल्या चहाबरोबरचं आहे असं त्यांनी सांगितलं.

विमा एजंटांच्या मते हा सगळा सेक्रेटरींच्या गुडघ्याच्या मलमाचा वास. साहेबांनी गुपचूप तेच मलम आणून दोन दिवस गुडघ्यांना लावलं. किलो शिंकला, एवढंच.

परवान्याच्या कचेरीत वेगळीच तऱ्हा झाली. तिथल्या कारकुनानं कुत्र्याच्या वजनाचा दाखला मागितला. वजन शिक्का मारलेल्या काट्यावरच झालेलं हवं. साहेबांनी अभिमानानं सांगितलं की दवाखान्यातल्या काट्यावर शिक्का आहे आणि तो त्यांनी स्वतः मारलेला आहे.

"मग चालणार नाही," कारकून म्हणाला. "कुत्रा तुमचा, शिक्का तुमचा. उद्या म्हणाल, भुंकणंही प्रमाणित आहे."

"या भागातल्या सगळ्या काट्यांवर माझाच शिक्का आहे हो!"

"मग भागाबाहेर जा."

साहेब कुत्रा, सेक्रेटरी आणि टॅक्सी अशी वरात घेऊन भागाबाहेर गेले. तिथल्या निरीक्षकाचा शिक्का पुसट होता, हे पाहून साहेबांच्या जिवाची तगमग झाली, पण दाखला मिळाला. परवान्यावर 'कुत्र्यासोबत असणारी व्यक्ती' म्हणून कारकुनानं समोर जो दिसला त्याचं, म्हणजे सेक्रेटरींचं नाव घातलं. किलो तेव्हा त्यांच्याच कडेवर होता.

साहेबांनी हेही पचवलं. वहिनींच्या कुंड्या उकरल्या गेल्या, गादीला विवर पडलं, सोफ्याखाली साहेबांचे मोजे जोडी मोडून पुरले गेले, तेही पचवलं. रविवारी दुपारी ते जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे किलोचे मेलेले केस दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटायचे. मानेपासून शेपटीपर्यंत, हलक्या हातानं. एवढा वेळ मात्र किलो बसू द्यायचा. त्याचा गरम श्वास साहेबांच्या मनगटावर यायचा. त्या तासाभरासाठी साहेब आठवडाभर वाट पाहायचे.

त्यांच्या जिवाला खरी टोचणी संध्याकाळची होती. सेक्रेटरींची थाप दारावर पडली की किलो घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून सुसाट सुटायचा, पायपुसण्यावरून घसरायचा, दारावर नाचायचा. तेच ते नाचणं, लहानपणी गजांतून पाहिलेलं. आणि साहेब ऑफिसातून यायचे तेव्हा तो बाल्कनीत पडलेला असायचा आणि एक भुवई उचलायचा. कधी कधी तीही नाही.

एकदा साहेबांनी वहिनींना सांगितलं, "तू दार उघडत जाऊ नकोस. तू उघडतेस म्हणून तो येत नाही. मी किल्लीनं उघडेन. त्याला येऊ दे."

वहिनी भाजी चिरत होत्या. सुरी जराशी थांबली.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग चार-पाच दिवस साहेब किल्ली फिरवून घरात आले. किलो आला नाही. वहिनीही स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. घर दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटायचं. दारात पिशवी कुठे ठेवायची हेच साहेबांना समजेना. त्यांनी निमूटपणे किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली, आणि दार पूर्वीसारखं उघडू लागलं. 

पुढच्याच महिन्यात वहिनींच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. वहिनी आठवडाभरासाठी निघाल्या. "मी दुपारी जाईन. किल्ली आठवणीनं न्या," त्या सकाळी म्हणाल्या. "हो हो," साहेब म्हणाले. 'हो हो' म्हणणाऱ्या माणसानं किल्ली नेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

संध्याकाळी साहेबांनी स्कूटर लावली, वर आले आणि दारासमोर उभे राहिले. उभेच राहिले. बराच वेळ झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाची तरी वाट बघतोय आणि ते घडत नाहीये. दार उघडत नव्हतं. मग त्यांनी बेल वाजवली. आवाज झाला नाही. बटण जोरात दाबलं, अंगठ्यानं दाबलं, दाबून धरलं. शेवटी नाइलाजानं साहेबांनी दारावर थाप मारली.

आत तुफान उठलं. नखांचा सरसराट, पायपुसणं घसरल्याचा आवाज, आणि दाराच्या पलीकडे नाच, भुंकणं, आनंदानं केकाटणं. साहेबांनी दाराला तळहात टेकवले. पलीकडून लाकडावर नखं वाजत होती. त्यांचे डोळे भरून आले. कुणीतरी आपल्यासाठी धावत दारात आलं होतं, आणि किल्ली खुंटीला होती.

समोरचं दार उघडलं. "तुमच्या दारावर थाप ऐकली," सेक्रेटरी म्हणाले, "म्हटलं, माझ्या वेळेला आणखी कोण आलं?" त्यांच्या हातात वहिनींनी देऊन ठेवलेली किल्ली होती. दार उघडलं तसा किलो साहेबांच्या दोन पायांमधून बाणासारखा निघाला आणि सेक्रेटरींच्या कडेवर गेला. थाप म्हणजे सेक्रेटरी, असा त्याचा हिशेब होता. त्यात साहेब कुठेच नव्हते.

 अशा वेळी माणूस दुसऱ्याच कशाला तरी नावं ठेवतो. "ही बेल बिघडलेली दिसते," ते म्हणाले.

"बेल?" सेक्रेटरी किलोचे कान खाजवत म्हणाले. "ती केव्हाची बंद आहे. वर्षं झाली. म्हणून तर सगळे दार वाजवतात."

"वर्षं? मग मला कसं माहीत नाही?"

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही ती कधी वाजवलीत?"

साहेब बेलच्या बटणाकडे पाहत राहिले.

"मी वहिनींना दोनदा म्हटलं, इलेक्ट्रिशियनला पाठवतो," सेक्रेटरी सांगू लागले. "तर म्हणाल्या, नको, राहू दे. बाहेरचे लोक दार वाजवतात, आणि ह्यांना काही बेल लागत नाही. ह्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळली की मला ऐकू येते."

सेक्रेटरी किलोला घेऊन खाली गेले. साहेब घरात आले आणि पिशवी हातात घेऊन दाराशीच उभे राहिले. ज्या माणसाला दुकानात शिरल्या शिरल्या ताटलीतली रतीभर लबाडी दिसायची, त्याला आपल्याच दारातलं हे दिसलं नव्हतं. आपण एकदाही बेल वाजवली नाही. एकदाही वाजवावी लागली नाही. तापाच्या दिवसांत, मुलीच्या आजारपणात, आपलं दोघांचं भांडण झालेलं असताना, दर संध्याकाळी कुणीतरी हातातलं काम टाकून आलं होतं. त्यांना वहिनींची फार आठवण आली. इतकी, की ते चपला न काढताच आत गेले आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसते उभे राहिले.

तो आठवडा संपता संपेना. साहेब दुकानांत काटे तपासायचे आणि पोरक्या चेहऱ्यानं शिक्के मारायचे. एका दुकानदारानं तर त्यांना बसायला स्टूल देऊन पाणी पाजलं. घरी यावं तर किलोचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. बिस्किट खायचा, सेक्रेटरींवर नाचायचा, पण परत आला की वहिनींच्या घरात घालायच्या चपलांवर हनुवटी टेकून पडायचा. साहेब त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचे. एक हात त्याच्या पाठीवर ठेवायचे. रविवार नसूनही किलो तो राहू द्यायचा. वाट पाहण्यातला दोघांचाही अनुभव सारखाच दांडगा होता, त्यामुळे बोलण्यासारखं काही नसायचं.

वहिनी यायच्या त्या दिवशी साहेब दुपारीच रजा टाकून घरी आले. टॅक्सीनं येईन, असं वहिनींनी फोनवर सांगितलं होतं. साहेब बाल्कनीत बसले. बसल्यावर त्यांना समजलं की कोपऱ्यावर काय काय वळतं. एक ट्रक वळताना कण्हतो. शाळेची बस दोनदा हॉर्न देते. विमा एजंटांची मोटारसायकल वळल्यावर खोकते. खूप टॅक्स्या वळल्या आणि सरळ गेल्या. एवढ्या आवाजांमधून एक स्कूटर वेगळी ओळखायची म्हणजे किती दिवस कान देऊन बसावं लागत असेल, या विचारानं साहेबांना आत कुठेतरी दुखलं.

मग एक टॅक्सी वळली. वळताना मंद झाली. ती फाटकाशी थांबायच्या आतच साहेब उठले आणि धावले. या वयात, या पोटानिशी, बैठकीतून सरळ दाराकडे. पायपुसण्यावरून त्यांचा पाय घसरला, भिंतीला धरून सावरले. मागून नखांचा सरसराट आला. घरात कुणी धावतंय म्हटल्यावर बसून राहणं किलोच्या रक्तात नव्हतं. दोघे बरोबरच दारावर आदळले.

साहेबांनी दार उघडून धरलं. खाली टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला. लिफ्ट वर येऊ लागली. किलो त्यांच्या पायांत गोल गोल फिरत होता, आणि साहेबही जागच्या जागी या पायावरून त्या पायावर होत होते. त्याला नाचणं म्हणायचं की नाही, हे बघणाऱ्यानं ठरवावं. सेक्रेटरींनी आपलं दार किलकिलं केलं, पाहिलं, आणि आवाज न करता लावून घेतलं.

वहिनी लिफ्टमधून बाहेर आल्या. दारावर थाप मारायला हात अर्धा उचलला होता, तो तसाच राहिला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "दोघंही?"

"पिशवी दे," साहेब म्हणाले.

वहिनींनी पिशवी दिली. किलोनं त्यांच्या मागे वाकून लिफ्टमध्ये पाहिलं, सेक्रेटरी नाहीत याची खात्री करून घेतली आणि मग त्यांच्या पावलावर येऊन बसला.

"पण तुम्हाला कसं कळलं हो, मी आले ते?" वहिनींनी विचारलं. "मी अजून दारसुद्धा वाजवलं नाही."

"गाडी वळली की ऐकू येते," साहेब म्हणाले.

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बेलच्या बटणाकडे पाहिलं. मग त्या खाली वाकल्या, आणि त्या दिवशी त्यांना चपला काढायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.